मागणीपत्रकात राहून गेलेले कलम

कोविडची साथ ओसरली. परंतु तिचा दीर्घ आजार ज्यांच्या शरीरात ठाण मांडून बसला, त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या केली, तेव्हा लक्षणांत पाळीच्या तक्रारीही नोंदविल्या. पाळी अनियमित होणे, अतिरक्तस्राव होणे, पाळीच्या सुमारास थकवा बळावणे, ही गाऱ्हाणी अनेक देशांतील स्त्रियांनी मांडली आहेत. स्राव वाढला की रक्तक्षय जडतो आणि मुळातला थकवा दुणावतो.

महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांनी संसर्गाचा धोका पत्करून घरोघर रुग्ण हुडकले आणि जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपही केला. शासन त्यांना कर्मचारी मानत नाही. साहजिकच आजारपणात काम बुडाले, की कामागणिक मिळणारा मोबदलाही बुडतो. अशा स्त्रीने पाळीचे दुखणे सांगावे कोणाला?

प्राथमिक आरोग्य केंद्रात कोविडोत्तर तपासणीच्या वेळी पाळीची विचारपूस व्हावी, हिमोग्लोबिन तपासले जावे आणि आजारपणाची पगारी रजा मिळावी. मानधनवाढीच्या मागणीशेजारी हे कलम लिहिण्यास संघटनांनी संकोचू नये. श्रमिक स्त्रीचे शरीर लढ्याच्या विषयपत्रिकेबाहेर ठेवून समतेची भाषा पुरी होत नाही.