मराठी वगळणारे आपणच

जेंटू लिनक्समध्ये पॅकेजच्या भाषा वापरणाऱ्यानेच ठरवायच्या असतात. 'एल१०एन' या सेटिंगमध्ये 'एमआर' लिहा, म्हणजे फायरफॉक्स, लिबरऑफिस मराठी भाषांतरासह बसतात. नाही लिहिलं, तर मराठी येत नाही. म्हणजे इथे मराठीला कोणी डावललेलं नाही. विचारलं गेलं आणि आपण उत्तरच दिलं नाही.

'जागा वाचते' हे कारण तकलादू आहे. फायरफॉक्सचा मराठी संच मोबाइलवरच्या एका फोटोहून लहान असतो. 'भाषांतर बोजड आहे' म्हणता? मग वापरा, चुका कळवा. न वापरलेलं भाषांतर सुधारणार कसं?

मुलांना रविवारी मराठी शाळेत नेणाऱ्यांनी स्वतःच्या संगणकावर मराठी 'ऐच्छिक' ठेवू नये. दोन अक्षरांचं तर काम आहे!