वेळांकण्णीचा रथोत्सव

श्रावण-भाद्रपदांत आपल्याकडे गणपतीच्या आगमनाची धांदल चाललेली असते. सुमारें त्याच दिवसांत बंगालच्या उपसागराच्या कांठीं वेळांकण्णी नांवाच्या लहानशा गांवीं लाखों माणसांचा मेळा भरतो. तामिळनाडूंतील नागपट्टिणमच्या दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरवर हें गांव आहे. उत्सव ख्रिस्ती, कॅथॉलिक पंथाचा. निमित्त मेरीमातेच्या जन्मदिवसाचें. परंतु तेथील थाट पाहून आपल्यापैकीं कोणालाही तो सर्वस्वीं परका वाटेल, असें नाहीं.

२९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला तो उतरतो. मधल्या दिवसांत सायंकाळीं मातेची मूर्ति फुलांनीं व दिव्यांनीं सजविलेल्या रथांतून मिरवितात. या रथाला तेथें ‘तेर’ म्हणतात. शैव-वैष्णव देवळांच्या रथालाही तामिळ भाषेंत हाच शब्द आहे. मूर्तीला रेशमी साडी नेसविलेली असते. भगवीं वस्त्रें ल्यालेले यात्रेकरू दूरदूरहून अनवाणी चालत येतात. चेन्नईहून निघालेल्यांना तर तीनशे किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते. कोणी केस उतरवितो, कोणी मुलाचे कान टोचून घेतो, कोणी बऱ्या झालेल्या अवयवाची चांदीची प्रतिकृति वाहतो, तर कोणी वाळूच्या वाटेनें गुडघ्यांवर चालत जातो. यांत हिंदूंची संख्या थोडी नसते. मातेचें लौकिक नांवच ‘आरोग्यमाता’ आहे, आणि दुखणें कांहीं पंथ विचारून येत नाहीं.

स्थानाची कथाही अशीच साधी आहे. दूध घेऊन नागपट्टिणमला निघालेला एक मुलगा तळ्याकांठच्या वडाखालीं विसांवला असतां एका तेजस्वी स्त्रीनें आपल्या बाळासाठीं त्याच्याजवळ दूध मागितलें. त्यानें तें दिलें, आणि धन्याच्या घरीं पोंचल्यावर मडकें कांठोकांठ भरलेलें निघालें. दुसऱ्या कथेंत ताक विकणारा पांगळा पोर उठून चालूं लागतो. तिसरींत वादळांत सांपडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला किनाऱ्यास लागतात. राजा किंवा पंडित यांपैकीं एकाही कथेचा नायक नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या सर्व देशी थाटाविषयीं एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ही केवळ धर्मप्रसाराची युक्ति होय, असें कित्येक म्हणतात. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. १६०६ सालीं मदुरेस आलेल्या रॉबर्ट डी नोबिली या इटालियन जेझुइटानें संन्याशाचा वेष व आचार पत्करला होता, आणि तो हेतुपूर्वकच. परंतु पुढें १७४४ सालीं खुद्द पोपनेंच अशा अनेक ‘मलबारी विधीं’वर बंदी कायम केली, हेंही विसरतां येत नाहीं. वरून आलेली युक्ति वरूनच मागें घेतां येते. पण अनवाणी चालणें व केस वाहणें हें लोकांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. देव्हाऱ्यांतील मूर्ति बदलली तरी हात जोडण्याची रीत माणूस आईपासूनच शिकतो. म्हणून हा उत्सव मुख्यत्वें उपदेशकांच्या कौशल्याचा नसून यात्रेकरूंच्या संस्कारांचा आहे, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रीयांना हा प्रदेश अनोळखी नसावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्यंकोजीराजांनीं तंजावरास राज्य स्थापिलें, आणि हा किनारा पुढें दीर्घकाळ त्या राज्याच्या छायेंत होता. नागपट्टिणमजवळच नागूर येथें मुसलमान संताचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा प्रतापसिंह भोसल्यांनीं बांधविला. दुसऱ्याच्या श्रद्धेस मान देतांना आपली श्रद्धा उणी होते, अशी भीति त्या मराठी राजास वाटली नाहीं.

मात्र श्रद्धेची खरी कसोटी अन्यत्र आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं, नाताळाच्या दुसऱ्याच दिवशीं, त्सुनामीच्या लाटेनें या किनाऱ्यावर हजारों माणसें नेलीं. त्यांत वेळांकण्णीस आलेले यात्रेकरूही होते. मुख्य मंदिरांत पाणी शिरलें नाहीं, हा चमत्कार म्हणून पुष्कळांनीं सांगितला. पण वाळूवर गेलीं तीं लेंकरेंही मातेच्याच दर्शनास आलीं होतीं ना? या प्रश्नास चमत्काराच्या भाषेंत उत्तर नाहीं. तरीही पुढील वर्षीं ध्वज चढला, रथ निघाला, आणि लोक पुन्हां आले.

तें कां, हें सुशिक्षितांनीं विचार करण्यासारखें आहे. नवस म्हणजे देवाशीं केलेला सौदा, असें म्हणून आपण हंसतों. सौदाच असता, तर एवढें नुकसान सोसल्यावर तो मोडला असता. मनुष्य रथामागें चालतो तो प्रत्येक वेळीं कांहीं मिळविण्यासाठीं नव्हे. आपलें दुःख एकट्यानें वाहवत नाहीं म्हणून तो चारचौघांच्या पावलांत पाऊल मिळवितो. पंढरीच्या वाटेवर हें आपणांस सहज उमगतें. तेंच दुसऱ्याच्या वाटेवर ओळखतां आलें, तर आपली वारी अधिकच सार्थ होईल.