मूळचे कोण?

कुंभकोणमला माझा एक मित्र राहतो. तंजावरच्या मराठी घराण्यातला. घरात दक्षिणी मराठी, बाहेर तमिळ, लिहितो मात्र इंग्रजीत. 'ख्रिस्ती जीवनदृष्टी' हे शब्द दिसले की तो पान उलटतो. धर्म हा रविवार सकाळचा मामला, असं त्याचं म्हणणं. सोमवारी बँक, मुलांची फी, दूधवाल्याचं बिल. तिथं त्याचं काय काम? परवा तर कॉफीचा डवरा पुढे सरकवत म्हणाला, "जीवनदृष्टी कसली सांगतोस? आमच्या गावच्या धर्मप्रांतात काय चाललंय ते बघ आधी."

बघितलं. कुंभकोणमचा कॅथलिक धर्मप्रांत १८९९ सालचा. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं कोट्टापाळयम त्यात येतं. तिथल्या दलित ख्रिस्ती लोकांची याचिका मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथून नोटीस निघाली. दफनभूमी वेगळी, रथोत्सवात वाटा नाही, चर्चच्या कारभारात जागा नाही, अशा तक्रारी आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवील. मला टोचलं ते दुसरंच. ही बातमी मी नगरच्या चार ख्रिस्ती माणसांना सांगितली, तर एकालाही नवल वाटलं नाही.

मी कॅथलिक नाही. पण म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण हे दुखणं आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याहून जुनं आहे, आणि त्याचा पत्ता कुंभकोणमहून फार लांब नाही. तंजावरला श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या चर्चमध्ये त्याच्या मृत्यूचा देखावा संगमरवरात कोरलेला आहे. तो करवून घेतला सरफोजीराजे भोसल्यांनी. राजा हिंदूच राहिला, पण गुरूचा हात धरून उभा असलेला त्या दगडात दिसतो. याच श्वार्ट्झच्या मंडळीत वेल्लाळर एकीकडे बसत आणि दलित दुसरीकडे. पुढं १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जात चालणार नाही असं बजावलं, तेव्हा वेल्लाळर ख्रिस्ती बिथरले. त्याच्याही आधीपासून नव्या मिशनऱ्यांशी भांडत होते वेदनायगम शास्त्रियार: श्वार्ट्झचे शिष्य, सरफोजींच्या दरबारचे कवी, तमिळ ख्रिस्ती गीतांचे मोठे रचनाकार. त्यांची बाजू थोडक्यात अशी: जात हा लौकिक व्यवहार, श्रद्धा हा आत्म्याचा, एकात दुसऱ्यानं लुडबूड करू नये.

मित्रा, हे तुझंच वाक्य आहे. तू ते पुरोगामी म्हणून बोलतोस, शास्त्रियार सनातनी म्हणून बोलले. पण धर्म सोमवारात येऊ नये ही मागणी दोघांची एकच, आणि तिचा फायदा कुणाला झाला ते दोन दफनभूम्या सांगतात.

ख्रिस्ती जीवनदृष्टी म्हणजे स्वर्गाचा नकाशा नव्हे. येशू कुणाच्या पंगतीला बसला यावरून गावात बोभाटा झाला होता, आणि पंगत म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना ते नेमकं कळलं. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या १९०० मध्ये. पण शिवाशिव त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधीच सोडली. अन्नपाणी आधी, पाण्याचा संस्कार नंतर. आमच्या कित्येक घरांत हा क्रम उलटा लागला आणि पहिली पायरी कायमची राहूनच गेली.

"मग संविधान पुरे की," मित्र म्हणतो. संविधान हवंच. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. सरकार म्हणतं, तुमच्या धर्मात जात नाही. गावातलं चर्च म्हणतं, ही इथली रीत आहे. मधे उभ्या माणसानं काय करावं? तो न्यायालयात जातो. तरी उद्या न्यायालयानं फाटक उघडलं, तरी शेजाऱ्याच्या तिरडीला खांदा द्यायला ते कुणाला पाठवू शकत नाही. तिथं माणूस आपण होऊनच जावा लागतो, आणि तो का जावा याचं उत्तर जिच्यातून मिळतं तिला मी जीवनदृष्टी म्हणतो. 'माझ्या आयुष्याचा हेतू काय' असं विचारणारी तरुण मुलं भेटतात. काहीतरी भव्य ऐकायची त्यांची तयारी असते. मी तिरडीचं सांगतो, मग ती जरा हिरमुसतात.

आता माझं. धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घर चर्चला नेमानं जाणारं, पत्रिका-बित्रिका काही प्रश्न नाही. चहा झाला, बिस्किटं झाली आणि मुलाच्या वडिलांना मीच विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं, जात सांगितली नाही. पुढं आम्ही कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. याला अकरा वर्षं झाली. त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे.