कॉफीचा पैसा कपात. पिकवणाऱ्याच्या पदरात किती?

डिसेंबर २०२४ मध्ये अरेबिका कॉफीच्या जागतिक भावाने १९७७ सालचा उच्चांक मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर हा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमधला दुष्काळ आणि व्हिएतनाममध्ये घटलेले पीक ही त्याची मुख्य कारणे. त्यानंतर भाव वर-खाली होत राहिले. तुम्ही म्हणाल, आपण कपाशी-सोयाबीनवाले, आपल्याला कॉफीचं काय? पण आपल्याच जिल्ह्यात, हजार मीटरहून उंचावरच्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते. आणि ज्याच्या शेतात कॉफीचं एक झाड नाही, त्यानेही हा धंदा समजून घेण्यासारखा आहे. पिकवणारा आणि विकणारा यांच्यात पैसा कसा वाटला जातो, ते इथे चटकन दिसते.

एकाधिकार गेला, छोटे दुकान आले

आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती, तसाच प्रकार कॉफीत होता. १९४२ च्या कायद्यानुसार मळेवाल्याने माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालायचा आणि विक्री बोर्डाने करायची. सर्वांचा माल एकत्र झाला की कोणाची कॉफी चांगली, कोणाची सुमार, हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? १९९२ पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये मळेवाला पूर्ण मोकळा झाला. पुढे शहरांत वेगळ्या प्रकारची दुकाने निघाली. एका मळ्याची किंवा एका भागाची कॉफी दुसऱ्या मालात न मिसळता घ्यायची, दुकानातच भाजायची, दळायची आणि पाकिटावर मळ्याचे नाव छापून विकायची. अशा दुकानदाराला नुसता माल नको असतो, प्रत हवी असते.

कपाचा हिशेब

आता जरा आकडेमोड करू. अरेबिकाची साधारण ६ किलो पिकलेली फळे तोडली, तर त्यातून १ किलो कच्ची कॉफी निघते. भाजताना ओलावा उडून वजनात १२ ते २० टक्के घट येते. १५ टक्के धरली तर ८५० ग्रॅम भाजलेली कॉफी उरते. कपाला १७ ग्रॅम लागली, तर ५० कप होतात.

समजा कच्ची कॉफी ५०० रुपये किलोने घेतली आणि कप ६० रुपयांना विकला. दुकानात ३,००० रुपये आले, कॉफीचे गेले ५००. म्हणजे ६० रुपयांच्या कपात कॉफीचे फक्त १० रुपये. उरलेले ५० दुकानदाराने खिशात घातले, असे मात्र समजू नका. दूध, साखर, जागेचे भाडे, वीज, मजुरी, यंत्राचा हप्ता, वाया जाणारा माल हे सारे त्यातूनच भागवायचे असते. भाडे न झेपल्याने चांगली कॉफी देणारी दुकानेही बंद पडतात.

पण याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. दुकानदाराने शेतकऱ्याला किलोमागे १०० रुपये जास्त दिले, तर त्याचा कप फक्त २ रुपयांनी महाग पडतो. गिऱ्हाइकाला ते जाणवतही नाही. शेतकऱ्याच्या घरी मात्र क्विंटलमागे १०,००० रुपये जास्त येतात. हे १०० रुपये मिळतात कशावर? फक्त प्रतीवर.

प्रत शेतात ठरते

चांगला भाजणारा वाईट कॉफी सुधारू शकत नाही. तो फार तर ती काळी करून दोष झाकतो. कच्ची, पिकलेली, वाळलेली फळे एकदम ओरबाडली की कपात तुरटपणा आलाच. म्हणून लाल झालेलीच फळे, दोन-चार वेळा फिरून तोडावीत. ती पाण्यात टाकावीत. वर तरंगतात ती पोचट किंवा किडकी, ती बाजूला काढावीत. वाळवण उघड्या मातीवर नको, ताडपत्रीवर किंवा मांडवावर पातळ थरात करावे आणि माल दिवसातून अनेकदा हलवावा. दाण्यातला ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आला पाहिजे. जास्त राहिला तर बुरशी धरते. पोती खत, औषधे किंवा कांदा-लसणाजवळ ठेवू नयेत. कॉफी वास पटकन ओढून घेते.

भाजणे ही दुसरी परीक्षा. दाणा आधी हिरवट, मग पिवळा, मग तांबूस होतो. उष्णता २०० अंशांच्या आसपास गेली की लाह्यांसारखा तडतड आवाज येतो. त्यानंतरचे दोन-तीन मिनिटांचे काम घड्याळ बघून करायचे. लवकर काढला तर आंबट-कच्चा, उशीर झाला तर कडू-जळका. काढल्याबरोबर वारा देऊन गार करावा. ताज्या भाजलेल्या दाण्यातून काही दिवस वायू निघतो, म्हणून थोडा थांबून वापरावा. पण महिनाभरात संपवलेला बरा. दळलेली पूड त्याहून लवकर शिळी होते. यासाठीच छोटे दुकानदार रोजच्या खपापुरते दळतात आणि लिटरभर पाण्याला ६० ग्रॅमच्या आसपास पूड मोजून घालतात, अंदाजपंचे नाही.

डोंगरातल्या आदिवासींनी करून दाखवले

हे बड्या मळेवाल्यांचेच काम आहे, असा समज नको. आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी थोड्याथोड्या जमिनीवर कॉफी घेतात. त्यांनी सहकारी संस्था केली आणि पक्की फळे निवडून देण्याची शिस्त पाळली. २०१७ मध्ये पॅरिसला अराकू कॉफीचे दुकान निघाले आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ओडिशात कोरापूटच्या आदिवासींची कॉफी सरकारी आदिवासी विकास सहकारी महामंडळ घेते आणि कोरापूटच्याच नावाने विकते. आपल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्काच्या जंगलातले सीताफळ निवडून, पेटीत भरून शहरात नेले, ते काम याच जातीचे.

आपण काय करावे?

सपाटीवर कपाशी मोडून कॉफी लावायचा विचार कोणी करू नये. तिला उंची, सावली आणि ऐन उन्हाळ्यात फुलोऱ्यासाठी एखादा पाऊस किंवा पाणी लागते, शिवाय पहिले पीक यायला तीन-चार वर्षे जातात. मात्र चिखलदऱ्याला पर्यटक येतो, गिऱ्हाईक दारात आहे. तिथे बचत गटाने स्थानिक कॉफी निवडून, थोडीथोडी भाजून, २५० ग्रॅमच्या पाकिटात आणि कपात विकायला हरकत काय?

सुरुवातीलाच महागडे यंत्र घेऊ नये. आधी थोडा माल निवडून नमुना अनुभवी भाजणाऱ्याकडून तपासून घ्यावा. दर ठरवताना भाजणीतली घट विसरू नये. ५०० रुपये किलोची कच्ची कॉफी भाजल्यावर ५८८ रुपये किलोची होते. अन्न सुरक्षा नोंदणी करावी. चिकोरी मिसळली तर पाकिटावर टक्केवारी छापावीच लागते आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात ३५ टक्के आणि कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले होते. आज अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच कर्जाचा विचार करावा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनीही यात लक्ष घालावे. वाळवणीचा ओटा, पाण्याची सोय, पर्यटनस्थळी एक टपरीवजा जागा, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. चिखलदऱ्याच्या नावावर बाहेरची भेसळ पूड विकली गेली, तर मात्र नाव एकदाच जाईल आणि पुन्हा मिळायचे नाही. तूर असो, हळद असो की संत्रा, हिशेब हाच आहे. निवडलेल्या मालाला स्वतःचे नाव लागले तरच कपातले ते दोन रुपये गावात येतील.