मेल्यावरही चाकरी

ऑक्टोबर सरत आला, की हल्ली आमच्या इंदुरातही दुकानांच्या काचांमागे भोपळ्यांची दात विचकणारी तोंडे दिसू लागतात. ३१ ऑक्टोबरची ती हॅलोविनची रात्र. दुसरा दिवस ख्रिस्ती संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा. म्हणजे मुळात हा प्रकार आपल्या सर्वपित्री अमावास्येहून फार दूरचा नव्हे. स्मरण मागे पडले आणि सोंगे उरली, इतकेच. या दिवसांत भयपट पाहण्याचीही एक रूढी पडली आहे. तिला अनुसरून पुतणीने परवा मला एक इंग्रजी चित्रपट दाखविला. ‘काका, यात घाबरायचं आणि हसायचं, दोन्ही एकदम,’ असे तिने आधीच बजावून ठेवले होते.

चित्रपट होता एडगर राइट यांचा ‘शॉन ऑफ द डेड’, २००४ सालचा. यातली भुते ‘झोंबी’ जातीची. कुस्तीतल्या आपल्या झोंबीशी त्यांचे नाते नाही. ही उठून चालणारी प्रेते. आपल्या भुतांना निदान स्वभाव तरी असतो. मुंजाला लग्न हवे असते, समंध ठेव्यावर बसतो, वेताळ तर राजाला कोडी घालतो. झोंबीला ना इच्छा, ना आठवण, ना वाचा. तो चालतो आणि खातो.

नायक शॉन हा लंडनमधल्या एका विजेच्या वस्तूंच्या दुकानात नोकरी करणारा, तिशीकडे झुकलेला आळशी तरुण. दिवसा दुकान, रात्री ठरलेला गुत्ता. शहरात प्रेते माजली आहेत आणि या गृहस्थाला पत्ताच नाही. डोळे चोळत तो कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, काचेवर रक्ताचे पंजे उमटलेले, फरशीवर रक्त. तो घसरतो, सावरतो आणि घरी परततो. त्याचा तरी काय दोष? संकट येण्यापूर्वी रस्त्यावरची माणसे जशी चालताना दाखविली आहेत, तशीच ती नंतरही चालतात! पुढे हातात क्रिकेटची बॅट घेऊन तो प्रेतांशी लढतो, तेव्हा पुतणीने टाळ्याच पिटल्या.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. एकाने दुसरा मारला जातो, असा त्यांचा अनुभव. बऱ्याच विनोदी भयपटांच्या बाबतीत तो खराच ठरतो, ना धड भीती, ना धड हसू. या चित्रपटात मात्र शॉनच्या आईला प्रेताचा दंश होतो, आणि तिच्यावर बंदूक रोखण्याची पाळी पोटच्या मुलावर येते. तेथे हसू आपोआप थांबते. हा संयम ज्याला साधला, त्याच्या विनोदाला उथळ म्हणता येणार नाही.

परंतु मला लिहावयाचे आहे ते शेवटाविषयी. सहा महिन्यांनी सारे स्थिरस्थावर होते. उरलेल्या प्रेतांचे काय करावयाचे? त्यांना साखळ्या घालून कामाला जुंपतात. कोणी बाजारातल्या ढकलगाड्या गोळा करतो, कोणाला दूरचित्रवाणीवरच्या खेळांत पळवितात. शॉनचा जिवलग मित्रही परसातल्या खोपटात बांधलेला असतो. प्रेक्षक येथे खो खो हसतात. मीही हसलो. मागाहून ते हसू माझे मलाच टोचू लागले.

कारण झोंबी जन्मला तो अशाच साखळीतून. हैती ही फ्रेंचांची ऊस पिकविणारी वसाहत होती आणि ऊस पिकवीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १७९१ साली त्यांनी बंड केले आणि १८०४ साली आपले स्वतंत्र राज्य स्थापन केले. मरण आले की आत्मा पूर्वजांच्या देशी परत जातो, हा या गुलामांचा विसावा. झोंबी म्हणजे तो विसावाही हिरावला गेलेला माणूस. देह मेला तरी मळ्यातली चाकरी सुटली नाही! विल्यम सीब्रूक या अमेरिकन प्रवाशाने १९२९ साली ‘द मॅजिक आयलंड’ या पुस्तकात हैतीतली एक कथा सांगितली आहे. एक मुकादम मेलेल्यांना उसाच्या कामावर लावतो आणि त्यांची मजुरी आपण घेतो. त्यांच्या अन्नाला मीठ लागू द्यावयाचे नाही, असा दंडक असतो. एके दिवशी मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते, ती त्यांना खाऊ देते, त्यातल्या दाण्यांना मीठ असते. मिठाची चव लागताच आपण मेलो आहोत हे त्यांना उमगते आणि ते थेट आपल्या थडग्यांकडे चालू लागतात. आपण खाल्ल्या मिठाला जागतो ते धन्यासाठी. तेथे माणसे मिठाने जागी झाली ती धन्याला सोडून जाण्यासाठी.

१९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या बोलपटात साखरेच्या घाण्यात एक झोंबी कोसळतो आणि बाकीचे घाणा फिरवीतच राहतात. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. तेव्हापासून झोंबी हा माणसे खाणारा झाला, आणि ज्याला राबविले जात होते त्याचीच सर्वांना भीती वाटू लागली. आपल्या मराठीत आदित्य सरपोतदार यांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढला. त्यात डोंबिवलीतल्या टोलेजंग इमारती आणि शेजारची गरीब वस्ती समोरासमोर आणली, हे मला महत्त्वाचे वाटते. कोण कोणासाठी राबतो, हा झोंबीचा मूळ प्रश्न त्यात पुन्हा ऐकू येतो.

तेव्हा भुतांवर हसू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. शॉनच्या शेवटावर हसणाऱ्याने एवढेच विचारावे, की ढकलगाड्या गोळा करणाऱ्या त्या प्रेताऐवजी एखादा जिवंत नोकर असता, तर त्याच्याकडे आपण वळून पाहिले असते का? चित्रपट पाहून झाल्यावर रात्री दहाच्या सुमारास आमच्याकडे खाद्यपदार्थ पोचविणारा एक मुलगा आला. पुतणीने दार उघडून पुडके घेतले आणि दार लावता लावता पुन्हा उघडून त्याला विचारले, ‘दादा, पाणी हवं का?’ तो तांब्याभर पाणी प्यायला. हॅलोविनची एवढी फलश्रुती मला पुरेशी वाटली.