धुक्यातील बाग

हिवाळ्यात परदेशी जाऊन एखादी जगप्रसिद्ध वास्तू पाहून येण्याची हौस आता आपल्याकडेही रुजली आहे. तिला माझा विरोध नाही. मात्र वास्तू पाहताना काय विचारावे, हे मला चंदीगडच्या 'रॉक गार्डन'ने शिकवले. दाट धुके होते. पुतळे अगदी जवळ गेल्यावरच दिसत.

ल कॉर्बुझिएच्या आराखड्यानुसार हे नगर वसवताना अनेक खेडी उठली. त्यांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या वेचून नेकचंद त्या सायकलवरून राखीव वनात नेत. ते सरकारी रस्ते निरीक्षक. फाळणीत स्वतःचे गाव गमावलेले. सुमारे १८ वर्षे हे काम गुप्तपणे चालले. ते उघडकीस आल्यावर शासनाने पाडले नाही, हे शहाणपणच. १९७६ मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली.

भव्य वास्तूपुढे छायाचित्र जरूर काढावे. पण तिच्यासाठी कोण उठले, हेही प्रवाशाने विचारावे, असे मला वाटते. येथे उत्तर भिंतींतच जडवलेले आहे. त्यांपैकी एका भिंतीचा काही भाग २०२५ मध्ये रस्ता व वाहनतळासाठी, नागरिकांचा निषेध डावलून, पाडण्यात आला. शेजारचा कॉर्बुझिएचा कॅपिटॉल परिसर मात्र २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.