फवारणीची खिचडी आणि हिशेबात न धरलेला खर्च

सोयाबीनवर अळी दिसली, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक दुकानदार कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात मारायला सांगतात. आम्ही डॉक्टरांनी साध्या तापाला ‘असू द्या’ म्हणून चार औषधं दिली, तर तुम्ही जाब विचाराल. मग तिथे का नाही विचारत?

बुरशी नसताना मारलेलं बुरशीनाशक म्हणजे निव्वळ तोटा. त्याहून मोठा खर्च वहीत येतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, वीसच्या आसपास माणसं दगावली. ऑर्गनोफॉस्फेट विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. अनेक कीटकनाशकांवर उताराच नाही. पंपात काय काय होतं हेच कळलं नाही, तर डॉक्टरला अंधारात चाचपडावं लागतं.

म्हणून आधी अळ्या मोजा. नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच, त्या किडीपुरतं, लेबलवरच्या मात्रेत फवारा. पक्कं बिल मागा. फवारताना घाम, लाळ, उलट्या, धाप सुरू झाली, तर कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि बाटल्यांसकट ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि त्याला ‘औषध’ म्हणणं सोडा. ते विष आहे.